वरच्या मजल्यावरचा आवाज खाली का येतो? जुन्या चाळीत तो कमी कसा करायचा आणि काय करू नये

रात्री अकरा वाजता वरच्या खोलीत कोणीतरी लोखंडी कॉट सरकवतं आणि खालच्या खोलीतला माणूस दचकून जागा होतो. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या जुन्या चाळींत आणि इमारतींत राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. वरची पावलं, पोरांच्या उड्या, मिक्सरची घरघर, खलबत्त्याची ठकठक, टीव्हीवरची मालिका, सगळं खाली पोहोचतं.

यावर सहज मिळणारा सल्ला एकच असतो: जमीन जाड करा, जड करा. भक्कम काँक्रीटच्या इमारतीत तो उपयोगी पडू शकतो. पण शंभर वर्षांच्या लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या चाळीत हाच सल्ला जिवावर बेतू शकतो. मग अशा घरात आवाज कमी करायचा कसा? त्यासाठी आधी डोक्यावरचं छत नेमकं कशाचं आहे, हे पाहावं लागतं.

तुमची इमारत कोणत्या प्रकारची?

दक्षिण आणि मध्य मुंबईत ढोबळमानाने तीन प्रकारच्या जुन्या इमारती दिसतात.

पहिला प्रकार लाकडी सांगाड्याचा. गिरगावातल्या अनेक चाळी अशा आहेत. तिथल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, यावरून या वस्तीचं वय लक्षात येईल. अशा इमारतीत लाकडी खांब आणि तुळया असतात. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, म्हणजे कडीपाट. फळ्यांवर माती, विटांचे तुकडे किंवा चुन्याचं भरण, त्यावर कोबा आणि वर शहाबादी लादी.

दुसरा प्रकार लोखंडी गर्डरचा. काही इमारती मुळातच अशा बांधल्या गेल्या. काहींमध्ये कुजलेल्या तुळया काढून दुरुस्तीच्या वेळी गर्डर टाकले गेले. गर्डरवर दगडी लाद्या आणि त्यावर कोबा, याला मुंबईत 'लादी-कोबा' म्हणतात.

तिसरा प्रकार काँक्रीटच्या स्लॅबचा. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात काँक्रीटमध्ये बांधल्या गेल्या. दादरची हिंदू कॉलनी आणि शिवाजी पार्क परिसरातल्या १९३० आणि ४० च्या दशकांतल्या अनेक इमारतीही स्लॅबच्या आहेत.

छताकडे पाहिलं की प्रकार कळतो. कड्या दिसत असतील तर लाकूड, ठरावीक अंतरावर लोखंडी पट्टे दिसत असतील तर गर्डर, सपाट गिलावा असेल तर बहुधा स्लॅब. मात्र गिलाव्यामागे किंवा फॉल्स सिलिंगमागे कडीपाट लपलेला असू शकतो. त्यामुळे शंका असेल तर घरमालकाला किंवा जुन्या सुताराला विचारा.

आवाज दोन वाटांनी येतो

बोलणं, गाणं, टीव्ही, भांडण हे आवाज हवेतून येतात. हवेत निर्माण झालेली लाट छताला हलवते आणि छत खालच्या खोलीतली हवा हलवतं. अशा आवाजाला वजन अडवतं. छत जितकं जड, तितकं ते हलायला कठीण. वजन दुप्पट केलं तर आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने कमी होतो. आवाज कानाला निम्मा वाटायला मात्र सुमारे १० डेसिबलची घट लागते. हवेतला आवाज फटींतूनही येतो. पाइपाभोवतीचं भोक, वायरीसाठी पाडलेली खाच, दोन फळ्यांमधली भेग, एवढं त्याला पुरतं.

पावलं, सरकणारी खुर्ची, पडलेलं भांडं, खलबत्ता हे आघाताचे आवाज. इथे वस्तू थेट जमिनीला ठोकते आणि ती थरथर तुळयांतून भिंतीत, भिंतीतून शेजारच्या खोलीत जाते. म्हणूनच कधी कधी आवाज वरून येतोय असं वाटतं आणि तो असतो बाजूच्या खणातला. आघाताच्या आवाजावर उपाय जिथे ठोका बसतो तिथेच करावा लागतो. हातोडीला फडकं गुंडाळणं सोपं आहे, खालच्या माणसाने कान झाकून घेणं हा त्याला पर्याय नाही.

आपला त्रास कोणता, हे ओळखायला वरच्या शेजाऱ्यांची दहा मिनिटं मदत घ्या. त्यांना आधी रेडिओ लावायला सांगा, मग अनवाणी चालायला, मग खुर्ची सरकवायला. खाली बसून कोणता आवाज किती येतो ते लिहून ठेवा. रेडिओवरचे शब्द स्पष्ट कळत असतील तर फटी शोधा. 'टक टक' येत असेल तर वर मऊ थर हवा. 'धप धप' येत असेल तर जमीनच हलते आहे आणि तो प्रश्न वेगळा आहे.

जुन्या कारागिरांनी आवाजाचा विचार केला होता का?

फळ्यांवरचं माती-चुन्याचं भरण जमीन सपाट करण्यासाठी आणि पाणी, आग यांपासून लाकूड वाचवण्यासाठी होतं. पण त्याने आणखी एक काम केलं. सैल, जड भरण आवाज गिळतं. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा आणि ग्लासगोच्या जुन्या बहुमजली घरांत तर तुळयांच्या मध्ये कोळशाची राख मुद्दाम आवाज अडवण्यासाठीच भरली जायची. पाच सेंटिमीटर कोरड्या वाळूचा थर दर चौरस मीटरला सुमारे ८० किलो भरतो. एवढं वजन बोलण्याच्या आवाजाला चांगलं थोपवतं.

दुरुस्तीत हे भरण काढून फळ्यांवर नुसतं प्लायवूड टाकलं की हवेतला आवाज वाढतो. मऊ झिजलेल्या लादीच्या जागी गुळगुळीत टाइल आली, जमिनीवर बसण्याऐवजी डायनिंग टेबल आलं, वॉशिंग मशीन आलं, की ठोके वाढतात. 'पूर्वी इतका आवाज येत नव्हता' ही तक्रार अनेकदा खरी असते.

मग पुन्हा जड थर का घालू नये?

कारण इमारत आता तरुण नाही. एक साधा हिशेब करून पाहू. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. तिथे जुन्या लादीवरच ५० मिलिमीटर सिमेंट-वाळूचा थर टाकला तर दर चौरस मीटरला साधारण १०० किलो वजन वाढतं. वर टाइल, म्हणजे आणखी सुमारे २० किलो. एकूण वाढ १,३०० किलोंच्या वर जाते. ६० किलो वजनाची बावीस माणसं त्या खोलीत रात्रंदिवस उभी राहावीत, तसं हे आहे.

भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीत माणसं, सामान वगैरेंसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरला जातो. म्हणजे नव्या थरानेच त्यातला निम्म्याहून जास्त वाटा खाल्ला. आणि हा आकडा नव्या बांधकामासाठीचा आहे. मोरीच्या गळतीने टोकं कुजलेल्या, वाळवी लागलेल्या तुळईची ताकद किती उरली आहे, हे खालून पाहून कळत नाही.

फेरबदल किती महागात पडू शकतात, हे मुंबईने पाहिलं आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. ती चाळ नव्हती, पण तळमजल्यावर केलेल्या फेरबदलांचा मुद्दा तिच्या तपासात ठळकपणे पुढे आला होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली, तेव्हा तीसहून अधिक जणांनी जीव गमावला.

म्हणून लाकडी किंवा गर्डरच्या इमारतीत सूत्र असं ठेवावं: वजन वाढवू नका. ठोका मऊ करा, फटी बंद करा आणि वेळ ठरवून घ्या.

वरच्या खोलीत काय करता येईल?

सर्वात जास्त फायदा इथेच होतो आणि खर्चही इथेच कमी असतो. अडचण एकच. त्रास खालच्याला आणि उपाय वरच्याच्या घरात. त्यामुळे खालच्या कुटुंबाने खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली तर बोलणं सोपं होतं.

- खुर्च्या, टेबल, कॉट, कपाट यांच्या पायांखाली नमद्याच्या किंवा रबराच्या चकत्या लावा. नमदा झिजतो, त्यामुळे अधूनमधून बदला.
- मिक्सर, शिवणयंत्र आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबरी मॅट ठेवा. वॉशिंग मशीनचे चारही पाय एका पातळीत आहेत ना, हे तपासा. डुगडुगणारं मशीन मॅटवरही आदळतंच.
- खलबत्ता आणि पाटा-वरवंटा घडी केलेल्या गोणपाटावर ठेवा. शक्य असेल तर तुळईच्या मधोमध न ठेवता भिंतीजवळ ठेवा. तिथे जमीन कमी हलते.
- जिथे जास्त वावर असतो तिथे खाली रबराचा किंवा फोमचा पातळ थर आणि वर काथ्याची चटई किंवा जाड सतरंजी टाका. नुसती पातळ सतरंजी फारसा फरक पाडत नाही. काँक्रीटच्या उघड्या स्लॅबवर जाड गालिचा आणि खाली मऊ थर असेल तर ठोक्यांचा आवाज २० डेसिबलहूनही जास्त उतरू शकतो.
- लाकडी जमिनीवर हाच गालिचा 'टक टक' घालवतो, 'धप धप' मात्र बरीचशी राहते. पोरांच्या उड्यांवर गालिचा हा पूर्ण उपाय नाही.
- मोरीजवळ मऊ थर घालू नका. तो ओला राहतो आणि खालचं लाकूड कुजवतो.

खालच्या खोलीत काय करता येईल?

आधी फटी. पाइप, वायर, छत आणि भिंत यांचा सांधा, फळ्यांमधल्या भेगा तपासा. वर दिवा लावून खाली अंधार केला तर मोठ्या फटी लगेच दिसतात. त्या लवचीक सीलंटने भरा. सिमेंटने भरलेली फट लाकूड हललं की पुन्हा उघडते. बोलण्याचा आवाज कमी करायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

दुसरा उपाय फॉल्स सिलिंगचा. त्यातून चांगला निकाल हवा असेल तर तीन गोष्टी लागतात: जिप्सम बोर्ड, वरच्या पोकळीत रॉकवूल किंवा ग्लासवूल, आणि सांगाडा छतापासून सुटा. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. सांगाडा थेट कड्यांना खिळला तर कड्यांची थरथर बोर्डात उतरते. म्हणून रबर लावलेले हँगर वापरतात किंवा सांगाडा भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र टाकतात. जुन्या चाळीत छत बऱ्यापैकी उंच असेल तर त्यासाठी जागा मिळते.

पण इथेही दोन धोके आहेत. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या बोर्डाचे दोन थर दर चौरस मीटरला २० किलोंच्या आसपास भरतात, म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय ते जुन्या कड्यांना टांगू नयेत. दुसरं, बंद छतामागे गळती, कूज आणि वाळवी दिसत नाही. तपासणीसाठी उघडता येणारी झडप ठेवाच. जिथे मोरीखालचा भाग येतो, तिथे छत उघडंच ठेवलेलं बरं.

काय केल्याने उपयोग होत नाही?

छताला अंड्यांचे ट्रे, पातळ फोम किंवा थर्माकोल चिकटवल्याने वरचा आवाज थांबत नाही. हे पदार्थ हलके असतात. फोमने खोलीतला प्रतिध्वनी थोडा कमी होतो, इतकंच. शिवाय थर्माकोल आणि साधा फोम पटकन पेट घेतात. लाकडी जिना असलेल्या चाळीत तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

कुरकुर वाढली असेल तर?

लाकडी फळ्या चालताना कुरकुरतात, कारण खिळा सैल होतो आणि फळी त्यावर घासते. सुताराकडून खिळ्यांऐवजी स्क्रू मारून घेतले की बहुतेक कुरकुर थांबते. दोन फळ्या एकमेकींना घासत असतील तर सांध्यात टाल्कम पावडर किंवा मेण घालतात.

पण काही आवाज शेजाऱ्यांचे नसतात, इमारतीचे असतात. जमीन पूर्वीपेक्षा जास्त दबते आहे, 'धप धप' अचानक वाढली आहे, छतातून भुसा किंवा माती गळते आहे, दरवाजा चौकटीत अडकू लागला आहे, भिंतीत नवा तडा गेला आहे, लाकडातून कडकड आवाज येतो आहे. यातलं काहीही दिसलं तर गालिचा आणि सिलिंगचा विचार बाजूला ठेवा. आधी घरमालक आणि म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ किंवा महापालिकेचं विभाग कार्यालय यांना कळवा. कडकड वाढत असेल किंवा गिलावा, विटा पडू लागल्या असतील तर आधी इमारतीबाहेर पडा आणि मग फोन करा.

परवानगी कोणाची लागते?

या भागातल्या बहुतेक जुन्या भाडेकरू इमारती उपकरप्राप्त आहेत. म्हणजे त्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो आणि संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचं दुरुस्ती मंडळ करतं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात येतात, १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार इमारतीतल्या फेरबदलांसाठी महापालिकेला सूचना द्यावी लागते. फरशी बदलणं, रंग, गिलावा अशी किरकोळ कामं मात्र त्यातून सुटतात. इथेच गफलत होते. कागदावर सूट आहे म्हणून जुनी फरशी न काढता तिच्यावर नवी बसवली जाते. सूट परवानगीतून आहे, वजनातून नाही. आधी जुना थर काढा, मगच नवा टाका. तुळयांची अवस्था कशी आहे, हे संरचना अभियंत्याकडून पाहून घ्या.

भाडेकरूंना आणखी एक भीती असते, ती म्हणजे घरात काही बांधलं तर मालक खोली खाली करायला सांगेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये परवानगीशिवाय पक्कं बांधकाम हे खोली खाली करायला लावण्याचं एक कारण आहे. पण आवश्यक तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेलं फॉल्स सिलिंग किंवा लाकडी पार्टिशन हे पक्कं बांधकाम मानलं जात नाही, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे. तरीही मालकाला लेखी कळवून ठेवलेलं चांगलं.

कायदा शांतता मिळवून देतो का?

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. मध्यरात्री स्पीकर लावला असेल तर पोलिसांना बोलावता येतं. पण कोणी रात्री पाणी प्यायला उठलं, त्याच्या पावलांसाठी हा नियम नाही. हे नियम परिसरातल्या आवाजासाठी आहेत, मजल्यामजल्यांतून झिरपणाऱ्या वावराच्या आवाजासाठी नाहीत. दक्षिण कोरियात या त्रासाला स्वतंत्र शब्द आणि स्वतंत्र नियम आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनावर प्रकरण आहे, पण ते शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या चाळीला मागे जाऊन लागू होत नाही.

कायद्याची रात्र सगळ्यांची रात्रही नसते. परळच्या रुग्णालयांत रात्रपाळी करून सकाळी घरी येणारी परिचारिका दुपारी झोपते. तिच्यासाठी दहा ते सहाचा नियम काहीच करत नाही. गिरणगावाला हा प्रश्न पाळ्यांच्या काळापासून माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शांत झोपेसाठी खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या खाली असावा, असं सुचवलं होतं. चाळीत हा आकडा गाठणं कठीण आहे. पण मिक्सर, खलबत्ता आणि सामान सरकवणं दुपारी दोन तास थांबवता येतं. त्यासाठी वरच्या कुटुंबाला कोणाची झोप कधी असते, हे माहीत असावं लागतं. रात्री छताला काठी ठोकून ते कळत नाही. सकाळी चहाच्या वेळी जाऊन सांगितलं तर कळतं.

योग्य वेळ कोणती?

जमीन उघडली जाते ती दुरुस्तीच्या वेळी. तेव्हा कड्यांवर किंवा गर्डरवर रबराची पट्टी टाकून मग फळ्या बसवणं आणि अभियंत्याने मान्य केलेल्या वजनाचं भरण घालणं शक्य असतं. एकदा लादी बसली की ही संधी पुढच्या दुरुस्तीपर्यंत जाते.

पुनर्विकासातही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अशी स्थलांतरं पुढेही होत राहतील. पण काँक्रीटच्या स्लॅबवर टाइल थेट चिकटवली तर टॉवरमध्येही खुर्ची सरकल्याचा आवाज खाली जातोच. स्लॅब आणि टाइलच्या मध्ये काही मिलिमीटरचा लवचीक थर टाकला तर तो बराच कमी होतो. विकासकाबरोबर करार करताना गाळ्याचं क्षेत्रफळ, पार्किंग आणि भाडं यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्या यादीत या थराची एक ओळ सही होण्याआधीच टाकून घ्यावी.